न आलेल्या खंडाची धूळपेरणी

उदगीरहून आलेला आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण शिक्षक आहात, गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या खरेदी समितीवर आहात, जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचे पाचही खंड वाचून बसला आहात आणि सहाव्याची वाट पाहून कंटाळला आहात. बारावीतला आपला भाचा आता पॅट्रिक रॉथफस यांची मालिका हातात घेऊ म्हणतो. ती त्याला सुरू करू द्यावी का, येत्या काळात कोणत्या मोठ्या अद्भुतकथा खरोखर येण्याची शक्यता आहे, आणि वाचनालयाच्या पैशांतून त्यांची आगाऊ नोंदणी करून ठेवावी का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. तिन्हींच्या तळाशी मला एकच शंका दिसते. ज्या कथेचा शेवट लेखकाने अजून लिहिलेलाच नाही, तिच्यात आपला वेळ, जीव आणि वर्गणीदारांचा पैसा घालावा का? आपल्याकडे पाऊस पडण्याआधी कोरड्या रानात सरकी टोचून मोकळे होतात, त्याला धूळपेरणी म्हणतात. साधली तर पीक आठ-पंधरा दिवस पुढे राहते, नाही साधली तर दुबार पेरणी. अपुरी मालिका सुरू करणे हे त्याच जातीचे धाडस आहे, आणि ते कोणी करावे हे बरेचसे रानावर आणि शेतकऱ्याच्या ऐपतीवर अवलंबून असते.

आधी मी कोण, ते सांगतो. परभणीत १९९८ पासून माझे पुस्तकांचे छोटे दुकान आणि त्याला जोडून वर्गणीचे वाचनालय आहे. इंग्रजी अद्भुतकथांची पहिल्यांदा एकच फळी होती. हॅरी पॉटरने तिची दोन कपाटे केली. कृषी विद्यापीठातली मुले, बँकांत बदलीवर आलेले तरुण आणि अलीकडे शाळकरी मुली हे या कपाटांचे मुख्य वाचक. २०११ च्या जुलैत मार्टिन यांचा पाचवा खंड आला, तेव्हा तो सर्वांत आधी घरी नेणारा विद्यार्थी आज स्वतः प्राध्यापक आहे. येता-जाता तो अजूनही दारातून डोकावतो आणि “काय वो सर, आलं का सहावं?” असे विचारून उत्तराची वाट न पाहता पुढे जातो.

तर मार्टिन यांच्यापासूनच सुरुवात करू, कारण वाट पाहण्याच्या या सगळ्या व्यवहारातले ते सर्वांत ठळक उदाहरण आहे आणि त्यातून कारणे नीट समजतात. पहिला खंड १९९६ साली आला, दुसरा १९९८ मध्ये, तिसरा २००० मध्ये. मूळ बेत तीनच खंडांचा होता, तो वाढत वाढत सातांवर गेला. तिसऱ्यापर्यंत दर दोन वर्षांनी एक खंड, असा चांगला वेग होता. चौथ्याला मात्र पाच वर्षे लागली आणि पाचव्याला आणखी सहा. त्यानंतर ‘द विंड्स ऑफ विंटर’ या सहाव्या खंडाची केवळ वाटच आहे, आणि सातवा ‘अ ड्रीम ऑफ स्प्रिंग’ तर त्याच्याही पलीकडचा. म्हणजे वेग कुठे मोडला असे विचारले तर उत्तर तिसऱ्या आणि चौथ्या खंडांच्या मध्ये सापडते, आणि ते कारण आळसाचे नाही, रचनेचे आहे.

तिसऱ्या खंडानंतर कथेत पाच वर्षांचा काळ एकदम ओलांडायचा, म्हणजे लहान पात्रे मोठी होतील, असा मार्टिन यांचा बेत होता. लिहू लागल्यावर लक्षात आले की काही पात्रांच्या बाबतीत ती पाच वर्षे रिकामी ठेवता येत नाहीत, सारखे मागे वळून सांगत बसावे लागते. बेत सोडला आणि वगळायची ती वर्षे लिहायला घेतली. मजकूर इतका फुगला की तो एका पुस्तकात मावेना, तेव्हा त्यांनी काळाच्या जागी भूगोलाने फाळणी केली: काही प्रदेशांतली पात्रे चौथ्या खंडात, उरलेली पाचव्यात. चौथा खंड बंद केल्यावर आपली आवडती पात्रे गेली कुठे म्हणून जे वाचक चिडले, त्यांच्या चिडण्याचे मूळ इथे आहे. पुढे पाचव्यात एका दूरच्या शहरात अनेक पात्रे वेगवेगळ्या वाटांनी आणि वेगवेगळ्या वेळी पोहोचायची होती. कोण आधी आले तर कोणाचे काय बिघडते, या गाठीने त्यांना वर्षानुवर्षे अडकवले. त्या शहराच्या नावावरून वाचक तिला ‘मीरीनची गाठ’ म्हणतात. आणि एवढे करूनही दोन मोठ्या लढाया पाचव्यातून उचलून सहाव्याच्या तोंडाशी नेऊन ठेवाव्या लागल्या. ज्याने कधी पंधरा-वीस भावकीच्या माणसांना एका मुहूर्तावर लग्नाला हजर करण्याची जबाबदारी घेतली असेल, त्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की लग्नातले पाहुणे उशिरा आले तरी कार्य उरकते. कादंबरीतले पाहुणे उशिरा आले तर मागची प्रकरणे पुन्हा लिहावी लागतात, आणि छापून गेलेल्या खंडांत तर काहीच बदलता येत नाही.

यात ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या त्यावरच्या दूरदर्शन मालिकेचीही भर पडली. ती २०११ मध्ये सुरू झाली, २०१६ च्या सहाव्या पर्वात पुस्तकांच्या पुढे निघून गेली आणि २०१९ मध्ये संपलीसुद्धा. २०१६ च्या जानेवारीच्या सुरुवातीलाच मार्टिन यांनी पुस्तक पुरे झाले नसल्याचे स्वतः लिहून कळवले होते. २०२३ च्या अखेरीस सुमारे ११०० पाने झाल्याचे त्यांनी सांगितले, तेव्हा जाणकारांना धक्का बसला तो यासाठी की एक वर्षापूर्वीचा आकडाही जवळपास तोच होता. मधल्या काळात ‘फायर अँड ब्लड’ हा याच कथेतल्या राजघराण्याचा जाडजूड इतिहास २०१८ मध्ये आला, म्हणजे लेखणी थांबलेली नाही. अडलेली आहे ती हीच एक कथा.

म्हणून सहाव्याबद्दल माझे मत असे की त्याची कोणतीही तारीख मनात धरू नये. तारीख खरी कोणती, हे ओळखण्याची एक जुनी खूण आमच्या धंद्यात आहे. लेखकाने सांगितलेली वेळ ही त्याची आशा असते. प्रकाशकाने दिलेली तारीख हा व्यवहार असतो, आणि प्रकाशक ती बहुधा हस्तलिखित हाताशी आल्यावर किंवा येण्याच्या बेतात असतानाच देतो. हॅरी पॉटरच्या सातव्या पुस्तकाची २१ जुलै २००७ ही तारीख त्याच वर्षीच्या १ फेब्रुवारीला जाहीर झाली. मार्टिन यांच्या पाचव्या खंडाची १२ जुलै २०११ ही तारीख मार्चच्या सुरुवातीला कळली. दोन्ही पाळल्या गेल्या. याउलट याच पाचव्या खंडाबद्दल लेखकाने चौथ्याच्या शेवटी, २००५ साली, पुढच्या वर्षी येईल अशी आशा व्यक्त केली होती. तेव्हा सहाव्याची जाहिरात प्रकाशकाच्या नावाने, दिवस-महिन्यासह आली की पुढे चार-सहा महिने उरले आहेत असे समजावे, आणि त्याआधी काहीही समजू नये.

ही खूण मला फुकट मिळालेली नाही. २०१५ साली एका वितरकाच्या यादीत सहाव्या खंडापुढे ३१ डिसेंबर अशी तारीख छापलेली मी पाहिली आणि अकरा वाचकांकडून दोनदोनशे रुपये घेऊन वहीत नावे टिपून ठेवली. नंतर कळले की संगणकात पुस्तकाची नोंद करताना तारखेचा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून अनिश्चित पुस्तकांपुढे वर्षाचा शेवटचा दिवस टाकून देण्याची पद्धत असते. पैसे सर्वांना परत केले. एका गृहस्थांनी मात्र “राहू द्या, येईलच की” म्हणून तीन वर्षे परत घेतले नाहीत, आणि त्यांच्याकडे पाहताना मला जी लाज वाटे ती बाकीच्या दहांच्या रागापेक्षा जड होती.

आता आपल्या भाच्याच्या मालिकेकडे वळतो. रॉथफस यांचे ‘द नेम ऑफ द विंड’ २००७ मध्ये आले आणि ‘द वाइज मॅन्स फिअर’ २०११ मध्ये, म्हणजे मार्टिन यांच्या पाचव्याच्याच वर्षी. तिसरे ‘द डोअर्स ऑफ स्टोन’ तेव्हापासून बाकी आहे. पहिल्या पुस्तकाच्या वेळी तिन्ही खंडांचा खर्डा तयार आहे असे सांगितले जात होते, आणि वाचकांचा रोष मुख्यतः त्या बोलण्यावर आहे. पण खर्डा तयार असणे आणि पुस्तक तयार असणे यांत किती अंतर असते, हे आपल्याकडच्या कोणत्याही संपादकाला विचारावे. या कथेचा घाट असा आहे की एका आडबाजूच्या खाणावळीचा मालक आपली हकिकत तीन दिवसांत सांगणार आहे आणि एकेका दिवसाचा एकेक खंड. दोन दिवस सांगून झाले. तिसऱ्या दिवशी त्याला त्या तरण्याताठ्या विलक्षण मुलाचा हा खचलेला खाणावळवाला कसा झाला ते सांगायचे आहे, आणि दुसरा खंड संपतो तेव्हा सांगायचे इतके उरलेले असते की ते एका दिवसात कसे मावणार हा प्रश्न वाचकालाही पडतो. माझ्या अंदाजाने अडचण तिथेच असावी. मधल्या काळात २०१४ आणि २०२३ मध्ये त्याच जगातल्या दोन छोट्या कथा आल्या. त्या सुंदर आहेत, पण मुख्य दार त्यांनी उघडत नाही.

स्कॉट लिंच यांचे ‘द थॉर्न ऑफ एम्बरलेन’ हे याच रांगेतले आणखी एक नाव. २००६, २००७ आणि २०१३ अशी तीन पुस्तके आली, हे चौथे बाकी आहे. आपल्या नैराश्याबद्दल लिंच यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहिले आहे, त्यामुळे तिथे तारखा मोजत बसणे मला बरे वाटत नाही. शिवाय त्यांचे पहिले पुस्तक एकट्याने वाचले तरी पोट भरते.

याच्या अगदी उलट टोकाला ब्रँडन सँडरसन आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर चालू पुस्तकांचे काम किती टक्के झाले याच्या पट्ट्या दिसतात. आमच्या एका वर्गणीदाराने त्याला ‘जायकवाडीचा पाणीसाठा’ असे नाव ठेवले आहे, कारण तो दोन्ही आकडे रोज सकाळी पाहतो. त्यांच्या ‘स्टॉर्मलाइट’ मालिकेचे खंड २०१०, २०१४, २०१७, २०२० आणि डिसेंबर २०२४ मध्ये आले, आणि प्रत्येक हजार पानांच्या वर. एकूण दहा खंडांचा बेत आहे, पण पाचव्यावर पहिले आवर्तन पुरे होते. सहाव्याला आता बरीच वर्षे आहेत, कारण मध्ये ते ‘मिस्टबॉर्न’च्या जगातली नवी त्रयी घेणार आहेत आणि तिचे तिन्ही भाग आधी लिहून मगच छापायला देण्याचा त्यांचा विचार आहे. रॉथफस यांच्या बाबतीत तीन खर्डे तयार असल्याचे बोलणे झाले होते. इथे तो शिस्तीचा भाग आहे. सँडरसन यांची भाषा मला कधी कधी सरकारी परिपत्रकासारखी सपाट वाटते, हे मी लपवत नाही. पण वाचनालयाच्या खरेदीसाठी इतका भरवशाचा लेखक दुसरा सांगता येणार नाही.

वाट पाहणे संपल्याचीही उदाहरणे आहेत. फिलिप पुलमन यांच्या ‘द बुक ऑफ डस्ट’चा पहिला भाग २०१७ मध्ये, दुसरा २०१९ मध्ये आला, आणि तिसरा ‘द रोझ फील्ड’ २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये येऊन ते वर्तुळ पुरे झाले. रिबेका यारोस यांच्या ड्रॅगनस्वारांच्या मालिकेचे पहिले दोन भाग २०२३ या एकाच वर्षात आणि तिसरा जानेवारी २०२५ मध्ये आला. बेत पाचांचा आहे आणि पुढच्यांना जरा सवड घेणार, असे लेखिकेने सांगितले आहे. आमच्याकडे कॉलेजातल्या मुली सर्वाधिक विचारतात त्या याच. मजकूर थोडा प्रौढ आहे, तेवढे सार्वजनिक वाचनालयात ध्यानात ठेवावे.

लेखकच राहिला नाही तर काय, ही भीती आपण प्रश्नात अर्धवट लिहून खोडली आहे असे दिसते. ती खोडण्याचे कारण नाही. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ची सुरुवात १९९० मध्ये झाली आणि शेवटचा खंड लिहायचा असताना २००७ च्या सप्टेंबरमध्ये ते वारले. जाण्याआधी त्यांनी टिपणे करून ठेवली, घरच्यांना शेवटाची हकिकत सांगितली, काही प्रकरणे लिहून ठेवली. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादकही होत्या. त्यांनी तेव्हा तरुण असलेल्या सँडरसन यांना निवडले. एका खंडाचे तीन झाले आणि जानेवारी २०१३ मध्ये चौदाव्या खंडावर कथा संपली. जाणकार वाचकाला बाराव्या खंडापासून हात बदललेला जाणवतो. एका विदूषकी वळणाच्या पात्राचे विनोद तर एकदम वेगळे होतात. पण शेवट मिळाला, आणि तो मूळ लेखकाच्या मनातलाच मिळाला.

आपल्याला हे परके वाटू नये. आपण ज्या प्रकाराला कादंबरी म्हणतो ते नाव ज्या ग्रंथावरून आले, ती बाणभट्टाची ‘कादंबरी’ त्याच्या हयातीत अपुरीच राहिली आणि उत्तरार्ध त्याच्या मुलाने लिहिला. तिकडे हिंदीत ‘चंद्रकांता’वाल्या देवकीनंदन खत्रींचे १९१३ मध्ये निधन झाले तेव्हा ‘भूतनाथ’ अपुरे होते. ते पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पुढे नेले. आणि आपल्या पैठणचे काय? नाथमहाराजांचे भावार्थ रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आले आणि १५९९ मध्ये त्यांनी देह ठेवला. उरलेले गावबाने लिहिले. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या वाड्यात राहिलेला, लोकांनी वेडगळ ठरवलेला मुलगा, अशी आख्यायिका आहे. पैठणचेच दुसरे उदाहरण याहून जुने आणि कडू आहे. सातवाहनांच्या दरबारातल्या गुणाढ्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत लिहिली, राजाने ती नाकारली, तेव्हा तो रानात जाऊन पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत ते अग्नीत टाकू लागला. राजाला पश्चात्ताप होऊन तो धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक जळाले होते. पुढे तो उरलेला लाखही मूळ रूपात टिकला नाही. सोमदेवाने अकराव्या शतकात संस्कृतात उतरवलेला कथासरित्सागर आपण वाचतो. जगातल्या अद्भुतकथांच्या एका मोठ्या मालिकेचे सहा खंड गोदाकाठच्या या गोष्टीत कायमचे गेले आहेत, तरीही उरलेल्या एकावर हजार वर्षे लोक जगले, कारण त्यातली प्रत्येक उपकथा आपल्यापुरती पुरी होते.

मालिका सुरू करावी की नाही, याची माझी कसोटी इथूनच आली आहे. पुढचा खंड केव्हा येणार हे मी आता विचारत नाही. हातातला खंड जिथे थांबतो तिथे वाचकाला बसायला ओटा आहे का, एवढे पाहतो. अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’चे तिसरे पुस्तक १९७२ मध्ये आले आणि चौथे १९९० मध्ये. मध्ये अठरा वर्षे गेली, म्हणजे मार्टिन यांच्या वाचकांनी पाहिलेल्या वाटेच्या तोडीची; पण तिथे कोणी ताटकळले नव्हते, कारण पहिली तिन्ही आपापल्या जागी संपलेली होती. रॉबिन हॉब यांनी १९९५ ते २०१७ या काळात एकाच जगावर सोळा पुस्तके लिहिली, त्यांत दर तीन-चारांनी मुक्काम येतो. मार्टिन यांच्या मालिकेत असा ओटा मला तिसऱ्या खंडाच्या शेवटी दिसतो: बरेच हिशेब तिथे चुकते होतात आणि राहिलेले सुसह्य असतात. नव्या वाचकाला मी तिसऱ्यावर थांबायला सांगतो. आपण पाचवर आला आहात, आता इलाज नाही.

भाच्याला रॉथफस वाचू द्या, पण आधी दोन गोष्टी स्पष्ट सांगा. तिसरा दिवस छापलेला नाही आणि तो छापला जाईल असे धरून चालू नये, ही पहिली. पहिला खंड संपल्यावर महिनाभर दुसऱ्याला हात लावायचा नाही, ही दुसरी. पहिला खंड एक दिवसाची गोष्ट म्हणून तृप्त करतो: दारिद्र्य, विद्यापीठ, फी भरण्याची ओढाताण आणि गाणे यांचे त्यात जे चित्रण आहे ते लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहिलेल्या कोणत्याही मुलाला आपले वाटेल. दुसरा मात्र दारे उघडून ठेवतो. बारावीचे वर्ष आहे हेही लक्षात घ्यावे. हजार पानांचे पुस्तक परीक्षेनंतर वाचले तर कोणाचे नुकसान होत नाही. आणि त्याला शेवट हवाच असेल, काही मुलांना तो हवाच असतो, तर सँडरसन यांची पहिली ‘मिस्टबॉर्न’ त्रयी द्यावी. २००६ ते २००८ मध्ये ती पुरी झाली आहे आणि शेवट मनाजोगता आहे. इंग्रजी जड जात असेल तर टोल्कीन आणि हॅरी पॉटर मराठीत आले आहेत, आणि अमीश यांची शिवत्रयी मराठीत मिळते, तीही पुरी.

वाचनालयाचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, कारण तिथे भावनेला जागा नाही. अनुदानाचे वर्ष ३१ मार्चला संपते, खर्च दाखवायचा तर पुस्तक हातात, बिल फायलीत आणि दाखल क्रमांक नोंदवहीत पाहिजे. तारीख नसलेल्या पुस्तकाला दिलेला आगाऊ पैसा लेखापरीक्षणात उगाच आक्षेप ओढवून घेतो. नोंदणी करायचीच तर प्रकाशकाची तारीख आल्यावर आणि पैसे न देता करावी. सवलत थोडी कमी मिळेल. नवे पुस्तक बहुधा आधी मोठ्या आकाराच्या महाग आवृत्तीत येते आणि वर्षभराने छोट्या कागदी बांधणीत स्वस्त होते. वाचनालयाने त्या स्वस्त आवृत्तीची वाट पाहावी की नाही, हे आपले वाचक किती अधीर आहेत यावर ठरेल. आमच्याकडे मी एक महाग प्रत लगेच घेतो आणि दुसरी वर्षाने. मालिकेचा मधला एखादा खंड हरवला तर नव्या खंडाआधी तो विकत घ्यावा. पाचांपैकी तिसरा नसलेली मालिका म्हणजे विहिरीला मधली पायरी नसणे, आणि अशा मालिका मी अनेक वाचनालयांत पाहिल्या आहेत.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. फार वाट पाहिलेल्या पुस्तकाच्या नावावर बनावट माल येतोच. २००३ साली हॅरी पॉटरला कोलकात्यात आणणारे एक बंगाली पुस्तक निघाले होते आणि ते मागे घ्यावे लागले. २०२३ मध्ये एका संगणक-अभियंत्याने मार्टिन यांचे उरलेले दोन खंड यंत्राकडून लिहवून घेतले. भ्रमणध्वनीवर ‘सहावा खंड मिळाला’ म्हणून फिरणाऱ्या फायली अशाच काही तरी असतात, किंवा लेखकाने प्रसिद्ध केलेली सुटी नमुना प्रकरणे एकत्र शिवलेली असतात. मुले त्या वाचनालयाच्या संगणकावर उघडू पाहतील, तेव्हा ग्रंथपालांना आधीच सांगून ठेवावे.

राहता राहिली आपली स्वतःची वाट. तिच्यावर औषध माझ्याकडे नाही, पण मी काय केले ते सांगतो. मार्टिन यांच्या पाचव्या खंडाच्या उजव्या हाताला फळीवर मी चार बोटे जागा मोकळी ठेवत असे. त्या अकरा जणांचे पैसे परत केल्यावर तिथे कथासरित्सागराची एक जुनी प्रत आणून ठेवली. सहावा आला तर ती सरकवायला अर्धा मिनिट पुरे. तोवर मार्टिन यांची चौकशी करायला आलेल्यांपैकी कोणी ना कोणी ती घरी नेत असतो, आणि मागच्या पावसाळ्यात तिची बांधणी सुटली म्हणून पुन्हा शिवून घ्यावी लागली.